ठळक अक्षर कोठे शोभते?

आजच्या अहिल्यानगरात १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ साली. खिळ्यांची छपाई रुळली, तरी निर्णयसागरी अक्षराने बोरूचे वळण सोडले नाही: एक रेघ जाड, एक बारीक. हे वळण ठळक केले की मथळा भारदस्त दिसतो. मजकुराला मात्र तो भार सोसत नाही. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील लहानशा फटीवर उभा असतो. बारीक आकारात रेघ फुगली की फट बुजते. ‘धन’चे ‘घन’, ‘भात’चे ‘मात’ होते. जोडाक्षरांचे हाल तर विचारूच नका! म्हणून ठळक अक्षर शीर्षकाला, फार तर एखाद्या संज्ञेला द्यावे. सबंध परिच्छेदाला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.