पाऊण तास एकट्यानं

नांदेड-लातूरकडे स्नेहसंमेलनात गाणारी मुलं पुष्कळ आहेत. पाऊण तास एकट्यानं ख्याल मांडणारी थोडी. बसवलेलं पाच मिनिटांचं गाणं निभावून जातं. मैफलीत विलंबित एकतालाचं एक आवर्तनच जवळपास मिनिटभर चालतं. तेवढ्या वेळात राग सांभाळत, पुढची जागा मनात योजत समेवर यायचं असतं. मोबाइलच्या ठेक्यावरच रियाज केलेली मुलं इथंच गांगरतात. यंत्र कधी ढळत नाही, पण ते ऐकतही नाही. तबलजी ऐकतो, उत्तर देतो. त्याच्याशी जुळवून घेणं सोबत बसल्याशिवाय येत नाही.

शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर नांदेडचेच. १९३५ साली जन्मले, अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले, पुढे औरंगाबादेत त्यांनी शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. या मातीत गाणं नाही असं कुणी म्हणू नये.

कमतरता आहे ती व्यासपीठाची आणि श्रोत्यांची. गुरुजनांना विनंती, कार्यक्रमाआधी निदान महिनाभर मुलांना तबलजीसोबत बसवा. आणि वाचकहो, आपल्या गावातल्या विद्यार्थ्याची मैफल असेल तेव्हा जा. भैरवी होईपर्यंत उठू नका.