न्हाणीघरातले छायाचित्र

आपल्या स्नेहसंमेलनात दर वर्षी छायाचित्रांचे प्रदर्शन भरते आणि त्यातली निम्मी छायाचित्रे सुरकुतलेल्या चेहऱ्यांची असतात. बाजारातली म्हातारी, देवळाच्या पायरीवरचा भिकारी, उघडेनागडे पोर. खाली मथळा 'वेदना', नाहीतर 'जीवनसंघर्ष'. परीक्षकांना ती आवडतात, बक्षिसेही मिळतात. ज्याचा चेहरा, त्याला मात्र या बक्षिसाची वार्ताही नसते. गेल्या वर्षी मीही याच पंगतीत बसलो होतो, म्हणून हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

दुबळ्या देहाकडे कॅमेरा वळवूच नये, असे आमच्यातले काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. न पटण्याचे कारण एक छायाचित्र आहे. यूजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराने ते डिसेंबर १९७१ मध्ये जपानातल्या मिनामाता या गावी काढले. काळोखे न्हाणीघर. पाण्यात बसलेल्या आईने आपल्या मुलीला दोन्ही हातांवर आडवी धरली आहे. मुलीचे हात वाकडे झालेले, पाय काटकुळे, डोळे वर लागलेले. आई तिच्या तोंडाकडे पाहते आहे. मुलीचे नाव तोमोको. पंधरा वर्षांची, पण बोलता येत नव्हते, उभे राहता येत नव्हते.

हा दैवाचा खेळ नव्हता. चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात जात होते. तो पारा माशांत गेला, माशांतून कोळ्यांच्या घरांत. रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली, आणि पारा सोडणे थांबले १९६८ मध्ये! मधली बारा वर्षे काय केले, हे त्या कंपनीलाच ठाऊक. तोमोकोच्या अंगात पारा आईच्या वारेतून, जन्माआधीच उतरला होता. आई तिला घरातले रत्न मानी. कारण आपल्या देहातले विष या पहिल्या लेकीने स्वतःवर घेतले, म्हणून पाठची भावंडे वाचली, असे तिचे म्हणणे होते.

या छायाचित्राला पुष्कळांनी मायकेलअँजेलोच्या 'पिएता'ची उपमा दिली आहे. मला ती खटकते. तिथे मांडीवर मृत पुत्र आहे. शोक आहे आणि शोकाला शेवट आहे. इथली मुलगी जिवंत आहे. तिला उद्या पुन्हा न्हाऊ घालायचे आहे, परवाही. त्या आईच्या हातांत शोक नाही, सवय आहे. मला या चित्राचे सारे बळ त्या सवयीत दिसते. संगमरवराची उपमा दिली की नेमके तेच नाहीसे होते.

आणि हे चोरून टिपलेले नाही. स्मिथ आणि त्याची पत्नी आयलीन १९७१ पासून सुमारे तीन वर्षे मिनामातात बिऱ्हाड करून राहिले. जगाला कळावे म्हणून आईवडिलांनी संमती दिली, तेव्हा ते छायाचित्र झाले. १९७२ च्या जूनमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ते छापले. १९७३ मध्ये न्यायालयाचा निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला.

तोमोको १९७७ साली वारली, स्मिथ पुढल्याच वर्षी. छायाचित्र मात्र जगभर फिरत राहिले. आता लेकीला विसावा मिळू द्यावा असे आईवडिलांना वाटू लागले, तेव्हा १९९८ मध्ये आयलीनने त्या छायाचित्राविषयीच्या निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती दिला, आणि ते यापुढे नव्याने छापायचे नाही असे ठरले. एक थोर कलाकृती जगाला अंतरली म्हणून काही रसिक हळहळले. मला विचाराल तर, दिलेली संमती परत घेता येते हे ज्या छायाचित्रकाराच्या घरच्यांनी मानले, त्यालाच असे देह टिपण्याचा हक्क होता. (२०२० च्या 'मिनामाता' या चित्रपटात तो प्रसंग पुन्हा उभा केला गेला, ही गोष्ट वेगळी.)

तोमोकोला बोलता येत नव्हते. माझ्या आजीला येत होते, आणि तरी मी विचारले नाही. ती अंथरुणाला खिळलेली. आत्या तिचे अंग पुसत असताना खिडकीचा उजेड पाठीवर सुरेख पडला होता. मी तेवढाच उजेड पाहिला. दुसरे बक्षीस मिळाले. मोठ्या ऐटीत ते छायाचित्र घरी नेऊन दाखवले. आजीने ते फार वेळ न्याहाळले. मग म्हणाली, "चारचौघांत पाठ उघडी टाकलीस होय रे माझी?" मी उजेड, सावली, परीक्षकांचे मत असे काहीबाही सांगू लागलो. तिने पदर सारखा केला आणि कूस बदलली.

या लेखासोबत छापण्यासाठी संपादकांनी दोन्ही छायाचित्रे मागितली होती. मी एकही दिलेले नाही.