नांदते घर आणि सुटीचे घर

बऱ्हाणपूरजवळ उतावळी नदीच्या काठी गुलारा महाल उभा आहे. मोगल राजघराण्याच्या विसाव्यासाठी बांधलेली ही पाषाणाची वास्तू आज लोक पाहून परततात. तेथे वस्तीस कोणी राहत नाही. युरोपातील आल्प्स पर्वतात मात्र साध्या शेतकऱ्यांनी लाकडाने बांधलेली काही घरे पाच शतकांहून अधिक टिकली असून त्यांची चूल अद्याप पेटते.

ह्या पर्वताशी आपले जुने नाते आहे. त्याच्या पायथ्याच्या ॲनेसी गावी १८३८ साली संत फ्रान्सिस दी सेल्स ह्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापन झाला. त्याचे धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानाकडे निघाले, व पुढे नागपूर-कामठीकडे त्यांनी श्रद्धेचे बीज पेरले. १९७७ साली स्थापन झालेला आपला खांडवा धर्मप्रांत त्याच नागपूरच्या कुशीतून निघाला.

तिकडील घराची रचना मोठी चतुर. तळाला दगडी जोते. त्यावर तासलेले ओंडके आडवे रचावयाचे, कोपऱ्यात खाचेत खाच बसवावयाची, आणि फटींत शेवाळ ठासावयाचे. खिळ्यावाचून भिंत उभी राहते. उन्हाने लाकूड काळवंडते, पण कुजत नाही. (वाळवी तिकडे नाही, हेही त्या घरांचे भाग्यच!) बैठकीच्या कोपऱ्यात क्रूस, व त्याखाली जेवणाचे मेज. धान्याच्या कोठाराच्या खांबांवर सपाट वाटोळे दगड ठेवीत, म्हणजे उंदीर वर चढू शकत नसत.

ओल लागते ती बहुधा तळच्या ओंडक्यांना. जाणता सुतार प्रत्येक ओंडक्यावर आकडा घालतो, घर उतरवितो, कुजलेले तेवढे बदलतो आणि पुन्हा रचतो. स्वित्झर्लंडमध्ये २००५ साली स्थापन झालेली एक संस्था अशी जुनी घरे सावरून कुटुंबांना सुटीपुरती भाड्याने देते. कॅथलिक उरी प्रांतातील सुमारे १४५० साली बांधलेले एक लाकडी घर त्यांपैकीच होय.

तथापि सर्वत्र असे घडले नाही. धनिकांनी घरे विकत घेतली. वर्षातून पंधरा दिवस दिवा लागतो, एरवी कुलूप. गावात मिस्सेला येणारी माणसे घटली, आणि तरुण जोडप्यांस घर परवडेना. अखेर २०१२ साली स्विस जनतेने अल्प बहुमताने ठरविले की, ज्या गावात अशी दुय्यम घरे शेकडा २० हून अधिक आहेत, तेथे नवी बांधू नयेत. माझ्या मते हा कौल योग्यच होता. भिंत वाचली आणि गाव ओस पडले, तर वाचविले काय?

आपल्याकडे तर भिंतही वाचत नाही. सागवानी खांबांचे घर वाटणीत निघाले की खांब शहरच्या गिऱ्हाइकाला जातात आणि जागी सिमेंटची पेटी उभी राहते. मुलाच्या लग्नापूर्वी घर पाडण्याचा बेत असेल, तर एकदा जुन्या सुताराला बोलावून खांब ठोकून पाहावयास सांगा. बहुधा बुंधा हातभर कुजलेला असतो. तेवढा कापून खाली घडीव दगड बसविला की वरचा खांब नातवंडांनाही पुरतो.