आधी किल्ली परत द्या



माझी धाकटी जाऊ मनोरुग्णालयातून बरी होऊन घरी आली आणि आम्ही तिचा मोबाइल नि कपाटाची किल्ली काढून घेतली. आठवड्याने तिच्या उशीखाली रात्रीच्या गोळ्या सापडल्या. "हिचं पुन्हा बिघडलं," असं घरभर सांगणारी मीच! तिला विचारलं ते सर्वांत शेवटी. तेव्हा कळलं, तिचा चौविहाराचा नियम आहे. मग ती स्वतः डॉक्टरांशी बोलली. त्यांनी गोळीची वेळ सूर्यास्ताआधीची करून दिली. एवढंच होतं.

आपण पाणी गाळून पितो, पाण्यातल्या जिवाला जपतो. मग घरातल्या बाईचं मन दुखावणं ही हिंसा नाही का? सगळ्यांच्या बाजू ऐकायच्या, फक्त तिची नाही, हा कुठला अनेकांतवाद?

"तिने जिवाचं बरंवाईट केलं तर?" ही भीती खोटी नाही. पण काळजी म्हणजे पहारा नव्हे. ती बरी असतानाच तिच्यासोबत बसा. धोक्याची लक्षणं कोणती, तेव्हा कुणाला बोलवायचं, हे तिलाच ठरवू द्या. उपचार कसे हवेत, कसे नकोत हे आधीच लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी निवडायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला आहे. तो प्रतिनिधी नवराच हवा, असंही नाही.

'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायला संवत्सरीपर्यंत थांबू नका. आणि म्हणण्याआधी तिची किल्ली तिच्या हातात द्या.