अवधानाला किती गुण?

पेडणे तालुक्यात हरमल-मोरजीच्या बाजूला ध्यानवर्गांच्या इंग्रजी पाट्या माडामाडांवर दिसतात. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. (माडाला ध्यान लागल्याचे अजून ऐकिवात नाही!) पण हेच ध्यान 'माइंडफुलनेस' म्हणजे सजगता या नावाने मानसोपचारात आले आहे आणि रुग्ण किती सजग आहे त्याला गुणही देतात. त्याविषयी मात्र बोलायला हवे.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या रूथ बेअर आणि सहकाऱ्यांची ३९ विधानांची प्रश्नावली २००४ साली आली. निरीक्षण, ते शब्दांत मांडणे, भान ठेवून वागणे आणि बरे-वाईट न ठरवता स्वीकारणे, अशी चार कौशल्ये. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, ते रुग्णानेच स्वतःला द्यायचे.

आता डिचोलीचा एखादा ट्रकमालक डोळ्यांसमोर आणा. खाणी २०१२ साली बंद झाल्या, सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात, बँकेचे हप्ते चालू. रात्री छाती धडधडली की हा माणूस ठोका न् ठोका मोजत बसतो. निरीक्षणात त्याला भरघोस गुण! पण ते कौशल्य नव्हे, तेच तर त्याचे दुखणे. २००६ साली बेअर यांच्याच पुढच्या अभ्यासात, बहुतेक ध्यान न करणाऱ्या विद्यार्थ्यांत, निरीक्षणाचे गुण जास्त तिथे मानसिक तक्रारीही जास्त आढळल्या. मग सगळ्याची बेरीज करून काय कळणार?

प्रश्नावल्याच नकोत असे मी म्हणत नाही. गोव्यातल्या 'संगाथ'चा नैराश्यावरचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण होते आणि त्यांची निवड ९ प्रश्नांच्या यादीने झाली. झोप, भूक, थकवा... हे पेडण्याच्या कुठल्याही बाईला कळते. पण 'भावना शब्दांत मांडता येतात का', असे विचारले तर ती स्वतःला २ गुण देईल आणि लगेच सांगेल, पोटात कालवाकालव होते, घरात जीव लागत नाही. याहून चांगले कसे मांडायचे? पेडण्याच्या पुनवेला भूतबाधा उतरवायला येणाऱ्यांचे तर आणखी वेगळे. तिथे जाणीव कोणाची, आपली की अंगात आलेल्याची, इथूनच सुरुवात.

माझे म्हणणे एवढेच की चारही कौशल्यांचे गुण वेगवेगळे ठेवावेत आणि निरीक्षणाच्या आकड्याशेजारी एका प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्यावे: "काळीज धडधडपाक लागलें की तुमी कितें करतात?"