भटकी कुत्री, शेजारी आणि जागेचा वाद

पुणे - भटक्या कुत्र्यांना अन्न देण्यावरून सोसायट्यांत होणारी भांडणे बहुधा दोन टोकांवर अडकतात. एक बाजू हक्क सांगते, तर दुसरी सोसायटीच्या बंदीचा ठराव पुढे करते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील विसावा नियम दोघांनाही पुरती साथ देत नाही. आवारातील कुत्र्यांच्या अन्नाची व्यवस्था लावण्याची जबाबदारी त्याने सोसायटीवरच टाकली आहे. मात्र जागा जिना, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर हवी, वेळ वर्दळीची नको आणि खरकटेही मागे राहू नये. जिन्याखाली दूधभात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

एकमत न झाल्यास मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलिस, प्राणी कल्याण संस्था, तक्रारदार व सोसायटी यांचा समावेश असलेली समिती जागा ठरविते. तिचा निर्णय अंतिम असतो.

रस्त्यावरचा प्रश्न अधिक बिकट आहे. अन्न द्यायचे तर कुत्रे दत्तक घ्या, ही नागपूर खंडपीठाची २०२२ मधील भूमिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगित केली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी याच न्यायालयाने रस्त्यावर अन्न देण्यास मनाई करून प्रभागनिहाय स्वतंत्र जागांचा आदेश दिला. पेठांतील दाट वस्तीत अशी जागा सुचविली, की लगतचे घर विरोधाला उभे राहणारच. त्यांच्यापुढे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरणाची नोंद ठेवली, तर निदान भीतीला उत्तर मिळते. शिवाय ठरल्या वेळी एकाच जागी येणारी कुत्री पकडणे पथकालाही सोपे जाते.