गतविजेत्याने राखायचे ते काय?

क्रीडापानांवरच्या मराठीत एकाच गोष्टीसाठी दोन शब्दप्रयोग सुखेनैव नांदत असतात. मागच्या स्पर्धेत जिंकलेल्या संघाला आपण 'गतविजेता' म्हणतो, आणि त्याच बातमीच्या पुढच्या वाक्यात त्याच्यासमोर 'विजेतेपद राखण्याचे आव्हान' उभे करतो. पहिला शब्द फक्त हकिकत सांगतो: हा मागच्या खेपेस जिंकला होता. दुसरा प्रयोग मात्र 'डिफेंडिंग चॅम्पियन' या इंग्रजी प्रयोगाच्या मागून आलेला आहे, आणि तो हकिकतीच्या पोटात हळूच एक नीतिकथा सरकवतो. विजेतेपद हा जणू एखादा किल्ला, संघ त्याचा किल्लेदार, आणि पुढचा मोसम म्हणजे त्याच्या शीलाची परीक्षा. किल्ला गेला तर दोष किल्लेदाराचा.

आमचे भांडण या दुसऱ्या प्रयोगाशी आहे. ते केवळ भाषाशुद्धीचे भांडण नाही. एखादी गोष्ट का घडली, याचा शोध टाळण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचे हा प्रयोग म्हणजे एक सोज्ज्वळ रूप आहे. उदाहरण म्हणून आम्ही मुद्दाम दूरचा खेळ घेतो आहोत: उत्तर अमेरिकेतील बर्फावरची हॉकी. आमच्यापैकी कोणीही कधी बर्फावर उभे राहिलेले नाही. परंतु दूरच्या गोष्टीत आपली भक्ती आड येत नाही, हा एक फायदा असतो.

प्रथम एक कबुली. या खेळात 'राखणे' हा शब्द एके काळी अक्षरशः खरा होता. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी दिलेला चषक १८९३पासून दिला जाऊ लागला, तेव्हा तो आव्हानाचा चषक होता. ज्याच्याकडे तो असे, त्याला बाहेरून आलेल्या आव्हानवीराशी खेळून तो राखावा लागे. १९०५च्या जानेवारीत युकॉनमधील डॉसन सिटीचा संघ हजारो मैलांचा प्रवास करून ओटावाला पोहोचला आणि ९-२ व २३-२ असे दोन सामने हरून परत गेला. ओटावाने त्या दिवशी चषक राखला, असे म्हणण्यात काही चूक नाही. मुष्टियुद्धात किंवा बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतही तो शब्द शोभतो. २००८, २०१० आणि २०१२मध्ये विश्वनाथन आनंद यांनी जगज्जेतेपद खरोखरच राखले होते.

पण आजच्या लीगमध्ये तसे काही घडत नाही. ऑक्टोबरमध्ये सर्व संघ शून्य गुणांवर असतात, गतविजेताही. त्याच्या हातात राखण्याजोगे काही नसते. संस्था बदलली, शब्द मात्र मागे उरला. आणि अर्थ निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत नीतिकथेने बिऱ्हाड केले.

आता शिकागो ब्लॅकहॉक्स या संघाचा २०१०-११चा मोसम पाहू. ९ जून २०१० रोजी फिलाडेल्फियात, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, जादा वेळेत पॅट्रिक केनने गोल केला आणि १९६१नंतर प्रथमच, म्हणजे ४९ वर्षांनी, स्टॅन्ली चषक शिकागोला आला. साखळी सामन्यांत या संघाने ११२ गुण मिळवले होते. पुढच्या मोसमात ते ९७वर आले आणि पश्चिम विभागात संघ आठवा, म्हणजे बाद फेरीची पात्रता मिळवणाऱ्यांत शेवटचा ठरला. यावर तयार असलेले स्पष्टीकरण कोणते? 'हँगओव्हर'. विजयाची नशा उतरली नाही, पोट भरले, भूक मेली.

आम्हांला हे स्पष्टीकरण मान्य नाही, कारण त्याच्याआधी वाचायला हवी अशी एक वही आहे: हिशेबाची. २००४-०५चा संपूर्ण मोसम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाल्यावर या लीगने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा घातली. २०१०-११साठी ती ५ कोटी ९४ लाख डॉलर होती. विजयाच्या सहा महिने आधी, डिसेंबर २००९मध्ये, शिकागोने जोनाथन टेव्ज, पॅट्रिक केन आणि डंकन कीथ यांच्याशी नवे दीर्घ करार केले. टेव्ज आणि केन यांचा प्रत्येकी वार्षिक भार ६३ लाख डॉलर, आणि तो पडणार होता पुढच्या मोसमापासून. शिवाय आधीच्या मोसमातील बोनसचा जो भाग मर्यादेबाहेर गेला होता, तो पुढच्या मोसमाच्या मर्यादेतून वळता होणार होता. ही रक्कम ४० लाखांहून अधिक होती. म्हणजे संघ फुटणार हे चषक उंचावण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले होते.

आणि तो फुटला. डस्टिन बफलिन, ब्रेंट सोपेल, बेन ईगर आणि अँड्र्यू लॅड अटलांटाला गेले. क्रिस व्हर्स्टीग टोरंटोला, जॉन मॅडन मिनेसोटाला, अ‍ॅडम बरिश डॅलसला, कॉलिन फ्रेझर एडमंटनला. गोलरक्षक अँटी निएमीची कथा तर एखाद्या दरबारी नाटकात शोभावी अशी आहे. सॅन होजे संघाने शिकागोच्या निक्लास याल्मारसनला चार वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. त्याला गमवायचे नाही म्हणून शिकागोने तेवढीच रक्कम कबूल केली. मग लवादाने निएमीला वर्षाला २७ लाख ५० हजार डॉलर ठरवून दिले, तेव्हा तिजोरी रिती होती. शिकागोने त्याला सोडले आणि त्याच सॅन होजेने त्याला उचलले. निदान नऊ विजेते अशा रीतीने दुसऱ्यांचे झाले.

'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो: रथ म्हणजे त्याची चाके का, आस का, जू का? आणि रथ हे या साऱ्यांच्या मेळाला दिलेले केवळ एक नाव आहे, या निष्कर्षापर्यंत त्याला आणतो. शिकागो ब्लॅकहॉक्स हेही असेच एक नाव. जून २०१०मध्ये जो मेळ जिंकला, तो ऑक्टोबरमध्ये अस्तित्वात नव्हता. जो अस्तित्वातच नाही त्याची भूक मेली, हे निदान कोणत्या वैद्यकात बसते?

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की टेव्ज, केन, कीथ, ब्रेंट सीब्रुक, मारियान होसा, पॅट्रिक शार्प हा गाभा तर कायम होता. खरे आहे. पण या गाभ्यातील बहुतेक जण फेब्रुवारी २०१०मध्ये ऑलिंपिक खेळले, साखळीचा ८२ सामन्यांचा मोसम खेळले आणि त्यावर बाद फेरीचे २२ सामने. त्यांना थकवा आला असेल, तर तो देहाचा गुणधर्म आहे, शीलाचा दोष नव्हे.

दुसरा आक्षेप असा की वेतनमर्यादा सर्वांनाच असते; तरी पिट्सबर्गने २०१६ व २०१७, टँपा बेने २०२० व २०२१ आणि फ्लोरिडाने २०२४ व २०२५ असे लागोपाठ चषक जिंकलेच की. जिंकले, परंतु तेही वही वाचूनच समजून घ्यावे लागते. टँपा बेचा निकिता कुचेरॉव शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१च्या साखळीत एकही सामना खेळला नाही. त्याचे वेतन दीर्घकालीन दुखापतीच्या सवलतीत गेले, आणि तो परतला तो थेट बाद फेरीत, जिथे त्या वेळच्या नियमांनुसार मर्यादा लागूच नव्हती. उलट कॅरोलायना २००६चा आणि लॉस एंजेलिस २०१४चा विजेता. दोघांनाही पुढच्या वर्षी बाद फेरी गाठता आली नाही. यांतल्या कोणाची भूक किती होती, हे मोजायचे माप आमच्यापाशी नाही. आमच्या प्रतिपक्षापाशीही नाही. फक्त तो ते असल्यासारखे बोलतो.

पण या नीतिकथेचा खरा पोकळपणा निंदेपेक्षा स्तुतीत अधिक उघडा पडतो. १० एप्रिल २०११ हा साखळीचा शेवटचा दिवस. शिकागो डेट्रॉईटकडून ४-३ असे हरले. आता त्यांचे भवितव्य दुसऱ्यांच्या हाती होते: त्या रात्री डॅलस मिनेसोटाविरुद्ध जिंकले असते तर शिकागो बाहेर. डॅलस ५-३ असे हरले. त्या मोसमात मॅडन मिनेसोटाकडे होता आणि बरिश डॅलसकडे. म्हणजे गतविजेत्यांपैकी एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. गतविजेत्यांचे नाव धारण करणारा संघ तेव्हा बर्फावर नव्हताच.

पुढे पहिल्या फेरीत त्यांची गाठ ११७ गुणांच्या व्हँकूव्हरशी पडली. पहिले तीन सामने शिकागो हरले. मग ७-२, ५-० आणि जादा वेळेत ४-३ असे तीन जिंकले. २६ एप्रिलच्या सातव्या सामन्यात एका गोलने मागे, एक खेळाडू कमी, आणि दोन मिनिटेही उरलेली नसताना टेव्जने बरोबरी साधली. जादा वेळेत अ‍ॅलेक्स बरोजने गोल केला आणि सारे संपले. लगेच दुसरी कथा तयार झाली: पाहा, हे विजेत्याचे काळीज!

आम्ही विचारतो, त्या रात्री डॅलस जिंकले असते तर? मग तोच संघ, तीच माणसे, तेच काळीज. आणि कथा मात्र 'भूक मेली' हीच कायमची लिहिली गेली असती. जी कथा तिसऱ्याच गावात खेळल्या गेलेल्या सामन्याच्या निकालावरून उलटते, ती या संघाच्या स्वभावाबद्दल काय सांगणार? ती सांगते आपल्याबद्दल. आपल्याला कारणे नको असतात, गुण हवे असतात.

इथवर हा वाद वाचनशास्त्राचा होता. पण 'राखणे' या शब्दाचे एक काळे पानही याच संघाच्या इतिहासात आहे, आणि ते उलटल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०१०च्या बाद फेरीदरम्यान संघातील एका तरुण खेळाडूवर संघाच्याच व्हिडिओ प्रशिक्षकाने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार वरिष्ठांच्या कानावर आली. ऑक्टोबर २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालानुसार २३ मे २०१० रोजी, म्हणजे संघ अंतिम फेरीत पोहोचला त्याच दिवशी, वरिष्ठांची त्यावर बैठक झाली. १४ जूनपर्यंत काहीही केले गेले नाही. मधल्या काळात चषक जिंकला गेला. त्या जल्लोषाच्या दिवसांतच त्या प्रशिक्षकाने एका बावीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीशीही गैरवर्तन केल्याचे अहवालात नमूद आहे. नंतर त्याला राजीनामा देऊन जाऊ दिले आणि त्याचे नाव चषकावर कोरले गेले. २०१३मध्ये मिशिगनमध्ये एका शाळकरी खेळाडूसंबंधीच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. अहवालानंतर लीगने क्लबला २० लाख डॉलर दंड केला, सरव्यवस्थापक पायउतार झाले, आणि चषकावरील ते नाव फुल्या मारून खोडण्यात आले.

अकरा वर्षे कोणी काही राखले असेल तर ते हे. किल्लेदार होते, किल्लाही होता, पण आत कोण कोंडले गेले आहे, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. 'आत्ता नको, आधी चषक' हे वाक्य उच्चारायचीही गरज पडत नाही, जेव्हा 'राखणे' हे सर्वोच्च मूल्य ठरलेले असते.

आणि आता जवळचे. पुरस्कारप्राप्त कादंबरीकाराचे पुढचे पुस्तक हाती आले की आपण परीक्षणात पहिले वाक्य कोणते लिहितो? 'लेखकाने आपला दर्जा राखला आहे' किंवा 'राखता आलेला नाही'. मधल्या काळात त्याचा संपादक बदलला का, नोकरी सुटली का, आजारपण आले का, पुस्तक कोणाच्या घाईने छापले, यांतले काहीही न विचारता प्रतिभा आटल्याचा दाखला आपण देऊन मोकळे होतो. विद्यार्थी तेच टिपून घेतात आणि उत्तरपत्रिकेत परत करतात.

त्याहून जवळचे असे की आपल्या महाविद्यालयांनाही मानांकने 'राखायची' असतात. समिती यायची त्या आठवड्यात एखाद्या मुलीचा तक्रारअर्ज 'भेट आटोपू दे, मग पाहू' म्हणून खणात गेल्याचे ज्यांनी कधी पाहिले किंवा ऐकले नाही, असे अध्यापक आमच्या वाचकांत किती असतील? तो खण बंद करणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो संस्थेचे नाव राखत असतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: 'गतविजेता' हा शब्द पुरेसा आहे, तोच वापरावा. जो जिंकला तो जिंकला. ती गोष्ट घडून गेली आणि तिला कोणाच्या पहाऱ्याची गरज नाही. पहारा द्यायचाच असेल तर तो चषकाभोवती नव्हे, माणसांभोवती द्यावा. आणि पुढच्या तपासणीच्या आधी प्रत्येकाने आपापला खण एकदा उघडून पाहावा.